ताबा आणि वहिवाट

मराठवाड्याच्या महसुली भाषेत जमिनीविषयी दोन प्रश्न निरनिराळे विचारले जातात: जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि ती कसतो कोण. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाव नमुना सातमध्ये, म्हणजे अधिकार अभिलेखात मिळते, दुसऱ्याचे गाव नमुना बारामध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदवहीत. आणि ही दोन्ही उत्तरे एकाच कागदावर मिळतात म्हणूनच सातबाराच्या उताऱ्याला गावोगावी एवढे महत्त्व आले. नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते (लातूर तर १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळे होईपर्यंत स्वतंत्र जिल्हाही नव्हते), आणि जहागिरी, मक्ते व बटई यांच्या त्या व्यवस्थेत नाव एकाचे आणि नांगर दुसऱ्याचा ही गोष्ट इतकी रुळलेली होती की, संस्थान विलीन झाल्यावर दोनच वर्षांत हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० करावा लागला. ताबा, कब्जा, दखल, वहिवाट, सामाईक, पोटहिस्सा हे शब्द त्यामुळे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाहीत. त्यांच्या अर्थातले बारीक फरक त्याला घरातल्या बोलण्यातून, आणि पुष्कळदा घरातल्या दाव्यांतून, आधीच कळलेले असतात.

संगणकविद्येतला एक प्रश्न या शब्दांच्या आश्चर्यकारक रीतीने जवळ येतो. एका संगणकाच्या पोटात निव्वळ सॉफ्टवेअरच्या बळावर दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक म्हणतात. ज्या खऱ्या यंत्रावर तो उभा राहतो ते यजमान, आत राहणारा तो पाहुणा, आणि या दोघांमध्ये बसून पाहुण्याच्या सगळ्या गरजा भागवणारा जो कारभारी कार्यक्रम, तो हायपरवायजर. पाहुण्याला दिसणारी डिस्क ही यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते, त्याचे नेटवर्क कार्ड हे कार्डाचे सोंग असते, आणि त्याचा पडदा ही यजमानाच्या पडद्यावरची एक खिडकी असते. मात्र काही कामांसाठी पाहुण्याला सोंग पुरत नाही, खरी वस्तूच लागते, आणि तेव्हा ते उपकरण यजमानाच्या ताब्यातून काढून सरळ पाहुण्याच्या हाती द्यावे लागते. या देण्याला पासथ्रू म्हणतात. ते जेव्हा फसते, आणि पहिल्या प्रयत्नात ते बहुधा फसतेच, तेव्हा शोधणाऱ्याला शेवटी सातबाराचेच दोन प्रश्न विचारावे लागतात: हे उपकरण कोणाचे म्हणून नोंदलेले आहे, आणि या क्षणी ते प्रत्यक्ष वापरतो आहे कोण.

आभासी संगणकाची कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या संशोधकांनी एका महागड्या यंत्रावर अनेकांना स्वतंत्र यंत्राचा अनुभव देण्यासाठी ती प्रत्यक्षात आणली, आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांपर्यंत गेली. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी खऱ्या आभासी संगणकाच्या ज्या तीन कसोट्या मांडल्या, त्यांतली एक अशी होती की, यंत्राच्या सर्व साधनसामग्रीवर कारभाऱ्याचे पूर्ण नियंत्रण असले पाहिजे. सर्वसामान्यांच्या टेबलावरच्या संगणकात ही सोय प्रोसेसरच्या पातळीवर २००५-०६ पासून आली, २००७ साली केव्हीएम हा कारभारी लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात सामील झाला, आणि खरी उपकरणे सुरक्षितपणे पाहुण्याला देण्यासाठीची व्हीएफआयओ ही रचना २०१२ साली त्याच गाभ्यात आली. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या कसोटीच्या उजेडात पाहिले, तर पासथ्रू म्हणजे कारभाऱ्याने आपल्या नियंत्रणातला एक तुकडा समजूनउमजून सोडून देणे होय. त्यातल्या बहुतेक अडचणी या अशा सुटण्याच्या, न सुटण्याच्या आणि अर्धवट सुटण्याच्या असतात.

नांदेड आणि लातूरमध्ये हा प्रश्न ज्या दारातून येतो ते दार मोठ्या प्रयोगशाळेचे नसून छपाईच्या दुकानाचे आहे, आणि म्हणून त्याची हकिकत थोडी मागून सांगावी लागते. देवनागरी अक्षर संगणकाच्या पडद्यावर आणणे हीच एके काळी उपकरणाची समस्या होती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम तिथे जिस्ट या नावाने पुढे वाढले. त्यातून तयार झालेले जिस्ट कार्ड संगणकाच्या आत बसवले की, इंग्रजीपुरते लिहिलेले डॉसवरचे कार्यक्रम देवनागरीत दाखवता येत. कार्यक्रमाला या बदलाची फारशी खबर नसे. आपण नेहमीच्याच पडद्यावर लिहितो आहोत असे धरून तो चाले, आणि मधे बसलेले कार्ड अक्षरांची जुळणी करून देई. आभासी संगणकाची सगळी युक्ती लहान रूपात इथे आहे, आणि ती मराठीच्या गरजेतून महाराष्ट्रात वापरात आली होती, याची आठवण अभ्यासकांनी जितकी ठेवायला हवी तितकी ठेवलेली दिसत नाही.

पुढे विंडोज आली, कार्डाची जागा सॉफ्टवेअरने घेतली, आणि श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या लिपी-सॉफ्टवेअरच्या जोडीने पेजमेकर हा पानजुळणीचा कार्यक्रम गावोगावच्या डीटीपी केंद्रांचा आधार झाला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, पहिलेवहिले कवितासंग्रह हे सगळे त्यातून बाहेर पडले. नांदेडसारख्या शहरात, जिथे मराठीच्या शेजारी उर्दू, हिंदी, तेलुगू आणि हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या सान्निध्यामुळे गुरुमुखीही वाचली जाते, तिथे उर्दूसाठी इनपेजसारखे वेगळे सॉफ्टवेअर लागे आणि एका भाषेच्या कामातून दुसऱ्या भाषेच्या कामात जाणे म्हणजे एका जुळणीतून दुसऱ्या जुळणीत जाणे असे. या साऱ्यांतील अक्षरे आजच्या युनिकोडसारख्या सामाईक संकेतावर आधारलेली नव्हती. प्रत्येक फाँटने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने देवनागरी तुकडे बसवलेले होते, आणि म्हणून तो फाँट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. फाइली मात्र राहिल्या. ज्या संस्थेने वीस वर्षांपूर्वी गावाचा इतिहास छापला, तिला त्याची दुसरी आवृत्ती काढायची असेल, तर मजकूर त्या जुन्या जुळणीतच कुलूपबंद आहे.

कुलूप हा शब्द इथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या नकला होऊ नयेत म्हणून त्याच्याबरोबर एक लहान उपकरण दिले जाई. इंग्रजीत त्याला डोंगल म्हणतात, पण डीटीपीच्या धंद्यात त्याचे नाव लॉक हेच आहे. कार्यक्रम सुरू होताना, आणि मधूनमधूनही, या लॉकला प्रश्न विचारतो. योग्य उत्तर आले तर पुढे चालतो, नाही तर थांबतो. पहिली लॉके प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागत, त्यांच्या पाठीला प्रिंटरची केबल जोडता येई आणि छपाईची माहिती लॉकातून आरपार प्रिंटरकडे जाई, म्हणजे ती स्वतःच एका अर्थाने पासथ्रूची उपकरणे होती. नंतर यूएसबीची आली. जुना संगणक मोडला, नव्यात ६४ बिटची विंडोज आली आणि ३२ बिटच्या विंडोजसाठी लिहिलेला लॉकचा ड्रायव्हर (उपकरणाशी कसे बोलायचे हे जाणणारा कार्यक्रम) तिथे चालेनासा झाला, की एकच वाट उरते: नव्या संगणकात पाहुणा म्हणून जुनी एक्सपी बसवायची आणि खरे लॉक तिच्या हाती द्यायचे. नांदेड-लातूरच्या परिस्थितीत पासथ्रूचे याहून सच्चे उदाहरण मिळणे कठीण आहे, कारण इथे हौसेला किंवा वेगाला काही स्थान नाही. स्वतःच्याच भाषेत स्वतःच छापलेला मजकूर पुन्हा वाचता यावा, एवढीच मागणी आहे.

लॉक पाहुण्याला न दिसण्याची कारणे मोजकी आहेत, परंतु ती एकमेकांच्या आड लपतात. पहिले कारण म्हणजे यजमानाने ते आधीच धरलेले असते: लॉक खोचताक्षणी यजमानाची प्रणाली त्याच्यासाठी आपला ड्रायव्हर शोधते आणि सापडला तर ताबा घेते, आणि मग कारभाऱ्याने पाहुण्याला ते देऊ केले तरी देण्याजोगे हाती काही नसते. दुसरे कारण ओळखीचे आहे. प्रत्येक यूएसबी उपकरणाला उत्पादकाचा आणि उत्पादनाचा असे दोन कायमचे क्रमांक असतात, आणि शिवाय ते ज्या तारेवर ज्या क्रमाने जोडले गेले त्यावरून मिळणारा एक तात्पुरता पत्ता असतो. पासथ्रू त्या तात्पुरत्या पत्त्यावर बांधले, तर लॉक एकदा काढून पुन्हा लावले की पत्ता बदलतो आणि पाहुणा रिकाम्या जागेकडे पाहत बसतो. म्हणून बांधणी कायमच्या क्रमांकांवर करावी लागते, पण एकाच कंपनीची दोन सारखी लॉके एका यंत्रावर असतील तर तेही क्रमांक सारखेच निघतात, आणि तेव्हा मात्र ठरावीक पोर्टच पाहुण्याच्या नावे करणे हा उपाय उरतो. पॅरलल पोर्टच्या लॉकाची कथा याहून दुःखद आहे. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो, आणि बाजारात मिळणारे यूएसबीला पॅरलल जोडणारे स्वस्त साधन प्रिंटरपुरते काम करते. त्यामागे जुन्या पोर्टची ती थेट तार नसल्यामुळे लॉकचा प्रश्न लॉकपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी पासथ्रूच्या खटपटीत दिवस घालवण्यापेक्षा खरा पॅरलल पोर्ट असलेले विस्तारकार्ड किंवा जुने यंत्रच जतन करणे श्रेयस्कर ठरते. आणि लॉक चालले तरी एक पथ्य उरतेच: दुरुस्ती थांबलेल्या एक्सपीला इंटरनेटची वाट देऊ नये, फाइली नेण्या-आणण्यासाठी यजमानाशी एक मर्यादित दुवा ठेवावा आणि तेवढ्यावर भागवावे.

याच जातीची आणखी दोन उपकरणे या भागात घराघराच्या ओळखीची आहेत. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराची किंवा सनदी लेखापालाची डिजिटल स्वाक्षरी ज्या यूएसबी टोकनमध्ये असते ते एक, आणि सेवा केंद्रावर अंगठा घेणारे बायोमेट्रिक यंत्र हे दुसरे. लिनक्सच्या यजमानात स्मार्टकार्ड सांभाळणारी एक सेवा पार्श्वभूमीवर चालत असते आणि ती टोकन आधीच उचलते. ती थांबवली की पाहुण्याला टोकन मिळते. काही उपकरणे सुरू होताना स्वतःला एकदा बंद करून नव्या ओळखीने पुन्हा उभी राहतात, आणि पाहुण्याला दिलेली जुनी ओळख तेवढ्यात हवेत विरते.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न मोठा आहे, कारण तिथे देवघेव नुसत्या निरोपांची नसते. आभासी संगणकाचा पडदा सामान्यतः एका साध्या, काल्पनिक कार्डावर चालतो. पाहुण्यात योग्य ड्रायव्हर घातलेला नसेल, तर चित्र १०२४ बाय ७६८ सारख्या एखाद्या जुन्या मापावर अडकून पडते, आणि ड्रायव्हर घातला तरी त्रिमितीय आकृतीचे, चित्रफितीच्या संपादनाचे किंवा यंत्रशिक्षणाचे काम त्याच्याने सहसा नीट होत नाही. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत किंवा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतल्या एखाद्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, पण स्वतःच्या खोलीत एकच संगणक असलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी लिनक्स आणि आरेखनासाठी विंडोज अशा दोन्ही प्रणाली एकाच वेळी हव्या असतील, तर यजमानासाठी प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स ठेवून वेगळे कार्ड पाहुण्याला देणे हाच त्याच्या खिशाला परवडणारा मार्ग असतो.

हे कार्ड आपल्या कामासाठी दर वेळी प्रोसेसरची परवानगी मागत नाही. ते संगणकाच्या मुख्य स्मृतीतून स्वतः वाचते आणि तिच्यात स्वतः लिहिते, आणि याला थेट स्मृतिप्रवेश म्हणतात. अडचण अशी की पाहुण्याला आपली स्मृती शून्यापासून सुरू होते असे वाटते, प्रत्यक्षात ती यजमानाच्या स्मृतीत भलतीकडेच पसरलेली असते, आणि पाहुण्याने सांगितलेल्या पत्त्यावर कार्ड भाबडेपणाने लिहू लागले तर ते दुसऱ्याच्या शेतात नांगर घालील. हा अनर्थ टाळण्यासाठी यंत्रात आयओएमएमयू नावाचा घटक असतो. तो पाहुण्याच्या पत्त्याचे खऱ्या पत्त्यात रूपांतर करतो आणि आखून दिलेल्या हद्दीबाहेर कार्डाला पाऊल टाकू देत नाही. बांध आणि मोजणीदार या दोघांचे काम एकट्याने करतो, असे म्हणता येईल. शिकाऊ माणसाची पहिली ठेच बहुधा इथेच लागते. यंत्राच्या मूळ मांडणीत, ज्याला सारे बायोस म्हणतात, आभासी संगणक चालवण्याची परवानगी आणि आयओएमएमयूची परवानगी या दोन वेगळ्या नोंदी असतात. इंटेलच्या यंत्रात पहिलीला व्हीटी-एक्स आणि दुसरीला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीच्या यंत्रात नावे आणखी वेगळी. पहिली चालू असते म्हणून पाहुणा उत्तम चालतो, आणि दुसरी बंद असते म्हणून कार्ड देता येत नाही. आणि पाहुणा तर चालतो आहे, या समाधानामुळे दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

बांध घातला तरी तो कुठे घालता येतो हे जमिनीच्या घडणीवर अवलंबून असते. आयओएमएमयू उपकरणांचे गट पाडतो, आणि ज्या उपकरणांचे आपसातले व्यवहार त्याच्या नजरेआड होऊ शकतात ती एकाच गटात राहतात. गट पाहुण्याला द्यायचा तर सबंध द्यावा लागतो. एकाच गट नंबरात चार भावांची नावे सामाईक असताना एकट्याला वाटणीआधी जमिनीचा ठरावीक तुकडा परस्पर विकता येत नाही, तसाच हा प्रकार आहे, आणि या तंत्रातही शब्द गट हाच असावा हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे. ग्राफिक्स कार्ड दिसायला एक असले तरी चित्राचे एक आणि आवाजाचे एक अशी निदान दोन उपकरणे त्यात असतात, आणि चित्र देऊन आवाज मागे ठेवला की देणे नाकारले जाते. हे सोपे आहे. अवघड तेव्हा होते, जेव्हा स्वस्त मदरबोर्डवर कार्डाच्याच गटात नेटवर्क आणि डिस्कचे नियंत्रकही येतात, आणि ते दिले तर यजमानच पंगू होतो. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवल्याने गट पुष्कळदा सुटतो, कारण काही खाचा थेट प्रोसेसरला जोडलेल्या असतात आणि काही मधल्या चिपसेटमार्फत. एवढ्याने भागले नाही तर एसीएस ओव्हरराइड नावाची एक दुरुस्ती लिनक्समध्ये घालता येते, ती गाभ्याला सांगते की या उपकरणांमध्ये हद्द आहे असे समज. प्रत्यक्षात ती हद्द तिथे नसते. मोजणी न करताच कागदावर पोटहिस्सा पाडावा तसे हे आहे: सगळे सरळ वागले तोवर निभते, पण पाहुण्यातले एखादे दुष्ट सॉफ्टवेअर कार्डामार्फत शेजारच्या उपकरणाशी बोलू लागले तर अडवणारा कोणी नसतो. घरातल्या एकट्याच्या यंत्रावर हा धोका पत्करता येईल. अनेकांच्या माहितीचा सांभाळ करणाऱ्या यंत्रावर तो पत्करणे सर्वथा अयोग्य आहे.

लिनक्समध्ये एलएसपीसीआय नावाची एक आज्ञा आहे, तिला योग्य खुणा दिल्या असता प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी उमटतात: एकीत त्या कार्डावर हक्क सांगू शकतील अशा ड्रायव्हरांची नावे, आणि दुसरीत या घटकेला ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या ड्रायव्हरचे नाव. सातबाराची याहून जवळची प्रतिकृती दुसऱ्या कोणत्या शास्त्रात क्वचितच सापडेल. पासथ्रूच्या अर्ध्याअधिक तक्रारी या दुसऱ्या ओळीने निकालात निघतात, कारण तिथे व्हीएफआयओचे नाव हवे असते आणि दिसते मात्र नेहमीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे. व्हीएफआयओचा ड्रायव्हर कार्डाकडून काही काम करून घेत नाही. वादातली मिळकत न्यायालय ज्या रिसीव्हरच्या हाती सोपवते त्याच्याप्रमाणे तो कार्ड नुसते सांभाळतो, आणि पाहुणा आला की स्वाधीन करतो. त्याला ताबा मिळायचा असेल तर संगणक सुरू होताना तो इतरांच्या आधी पोचला पाहिजे, आणि यासाठी कार्डाचे क्रमांक त्याला आरंभीच्याच टप्प्यावर कळवून ठेवावे लागतात. इतके करूनही एक जुना भोगवटादार कधीकधी राहून जातो: यंत्र सुरू होताना पहिली अक्षरे पडद्यावर दाखवण्यासाठी बायोसने ज्या कार्डाची स्मृती वापरलेली असते, ती लिनक्सचा एक साधा चित्रचालक पुढेही धरून बसतो, आणि मग नोंदवहीत, म्हणजे गाभा ज्या निरोपांची रोजनिशी ठेवतो तीत, स्मृतीचा अमुक पट्टा राखून ठेवता येत नाही अशी ओळ पुन्हापुन्हा उमटते. यजमानाचा पहिला पडदा अंगच्या ग्राफिक्सवर नेण्याची नोंद बायोसमध्ये केली की ही ओळ नाहीशी होते.

ताबा मिळाल्यावरही कार्ड कामाला नकार देऊ शकते, आणि याचे सर्वांत गाजलेले उदाहरण विंडोजच्या पाहुण्यात दिसणारी त्रेचाळीस क्रमांकाची चूक हे आहे. उपकरणानेच दोष कळवल्यामुळे ते थांबवले आहे, एवढेच ती सांगते; कारण सांगत नाही. एनव्हिडियाच्या घरगुती वापराच्या कार्डांचा ड्रायव्हर आपण आभासी संगणकात आहोत हे ओळखून अनेक वर्षे काम थांबवीत असे, आणि त्यामुळे कारभाऱ्याची ओळख पाहुण्यापासून लपवण्याच्या युक्त्या प्रचलित झाल्या. २०२१ साली कंपनीने या वापराला स्वतःच मान्यता दिल्यावर त्या युक्त्यांची गरज संपली, परंतु जुन्या सल्ल्यांतून त्या अजूनही फिरत राहतात आणि नव्या माणसाला नसलेल्या रोगाचे औषध देतात. आज हीच चूक दिसली तर कारण बहुधा कार्डाच्या रॉममध्ये असते. रॉम म्हणजे कार्डाला जागे करणाऱ्या आरंभीच्या सूचनांचा कायमचा साठा. यजमानाने सुरू होताना तेच कार्ड वापरलेले असेल तर त्या सूचनांची वाचायला मिळणारी प्रत बिघडलेली असू शकते, आणि मूळची स्वच्छ प्रत पाहुण्याला वेगळी पुरवावी लागते. या सगळ्याच्या आधी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे मॉनिटरची केबल कोणत्या कार्डाला लावली आहे. पाहुण्याचे चित्र पाहुण्याच्या कार्डातूनच बाहेर पडणार. यजमानाच्या पोर्टला लावलेला पडदा काळा राहणार, आणि त्या काळ्या पडद्याकडे पाहून निर्दोष मांडणी मोडून टाकली जाते.

सर्वांत हट्टी अडचण देण्याची नसून परत घेण्याची आहे. पाहुणा बंद झाला की कार्ड मूळ अवस्थेला यावे लागते, याला रीसेट म्हणतात, आणि सुविहित उपकरणाला अशा रीसेटसाठी ठरलेली आज्ञा असते. एएमडीच्या काही पिढ्यांतील कार्डे ही आज्ञा नीट पाळत नाहीत. पहिल्यांदा सारे उत्तम चालते, पाहुणा बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड मुके होते, कधी यजमानही त्याच्याबरोबर गोठतो. उन्हाळ्यात नांगरट होऊन, धसकटे वेचून रान मोकळे व्हावे आणि मग मृगाची पेरणी व्हावी हा क्रम मोडून, उभ्या धसकटातच कोणी तिफण घातली तर जे होईल तेच इथे होते. काही जाणत्यांनी त्या त्या पिढीच्या कार्डासाठी रीसेटची वेगळी रीत शोधून तिचे एक जोडसॉफ्टवेअर करून ठेवले आहे, आणि ते पुष्कळांच्या उपयोगी पडले. ते लागू न पडल्यास सबंध यंत्राची वीज बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून गत्यंतर नसते. विकत घेण्याआधी कार्ड रीसेट होते की नाही याची चौकशी करणे म्हणूनच वेगाच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे, आणि जुन्या बाजारातून कार्ड घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणी तरी आधी सांगायला हवे.

लातूर पॅटर्न या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासाच्या रीतीने या भागातल्या मुलांना एक मोठी देणगी दिली, ती चिकाटीची; एकच प्रश्न न कंटाळता पुन्हा पुन्हा सोडवण्याची सवय इथल्या मुलांत पिढ्यांपासून रुजली आहे. दोष शोधण्याच्या कामाला ही चिकाटी लागतेच, मात्र तिथे प्रश्नपत्रिका कोणी काढलेली नसते, आणि मागे उत्तरसूचीही नसते. एका वेळी एकच बदल करणे, प्रत्येक बदलापूर्वीची मांडणी लिहून ठेवणे, रोजनिशीतली पहिली चूक शोधणे आणि तिच्या खालच्या पन्नास चुकांकडे तूर्त दुर्लक्ष करणे, ही शिस्त अभ्यासक्रमातून फारशी शिकवली जात नाही. त्यातच रोजनिशी इंग्रजीत असते, तिचे शब्द त्रोटक असतात, आणि ज्या मुलाने बारावीपर्यंत मराठीतून विचार केला तो त्या ओळींचा अर्थ न लावता त्यांची नुसती नक्कल करून उपाय शोधू लागतो. त्याच ओळी त्याला ताबा, वहिवाट, हद्द, सामाईक गट आणि मोकळे रान या शब्दांत एकदा समजावल्या, तर कोणाचा हक्क कुठे अडला आहे हे तो स्वतः सांगू शकेल असा पूर्ण भरवसा वाटतो, कारण हा विचार त्याच्या घरात आधीपासून आहे.

डीटीपीच्या जुन्या फाइलींचे काम मात्र लॉक चालू झाल्याने संपत नाही. एक्सपीच्या त्या खिडकीत मजकूर दिसू लागल्यावर तो युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि रूपांतर करणारी साधने असली तरी जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असल्यामुळे, युनिकोडच्या उलट क्रमात नेताना ही दोन चिन्हे हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात; ती शोधायला डोळ्यांनी ओळ न् ओळ वाचणारा माणूस लागतो. एका स्मरणिकेला काही दिवस जातात, एका गावाच्या इतिहासाला काही महिने. तोवर तो पाहुणा जिवंत ठेवायचा असतो, आणि त्यासाठी यजमान संगणकाच्या मागचा एक पोर्ट लॉकसाठी राखून, त्याच्यावर चिकटपट्टी लावून ‘काढू नये’ असे लिहून ठेवावे लागते.